नेब्रास्कातल्या गावच्या पार्कात आरव्हीची एक रात्र: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

उन्हाळ्यात आई-बाबा भारतातून आले की अमेरिकेतल्या बऱ्याच मराठी घरांत एक बेत ठरतो. आरव्ही, म्हणजे आत राहता-झोपता येतं अशी घरासारखी गाडी, भाड्याने घ्यायची, स्वयंपाकघर आणि अंथरूण-पांघरूण घेऊनच निघायचं आणि माउंट रशमोर, यलोस्टोन करून यायचं. शिकागो किंवा ओमाहाकडून निघालेल्यांची पहिली-दुसरी रात्र पुष्कळदा नेब्रास्कात पडते. सगळा अभ्यास यलोस्टोनचा झालेला असतो, या रात्रीचा कोणीच केलेला नसतो.

मी लिहितोय ते या एका रात्रीबद्दल. ऑफिस, वायफाय आणि मॅनेजर असलेल्या खासगी आरव्ही पार्कातली रात्र नव्हे. तीन-चार हजार वस्तीच्या गावाने आपल्या सार्वजनिक बागेच्या कडेला आठ-दहा गाड्यांपुरती जागा राखलेली असते, तिथली. जागेपुरता एक विजेचा खांब, चार जागांत मिळून एक नळ, सिमेंटच्या ठोकळ्यांची संडास-बाथरूमची इमारत, मुलांचे झोके आणि पैसे टाकायची लोखंडी पेटी, एवढाच तिथला संसार. मला ही ठिकाणं मनापासून आवडतात. गाव तुम्हाला ओळखत नाही, तरी वीज-पाणी देतं आणि पैसे तुम्ही टाकाल असं धरून चालतं. पण तिथे शिकवायला कोणी नसतं. आरव्हीतली कामं अवघड नाहीत. त्यांचा क्रम चुकला की मात्र त्रास होतो, म्हणून क्रमानेच सांगतो.

दुपारी, गाडी चालू असतानाच

ओमाहाहून पश्चिमेला जाणारा मोठा रस्ता म्हणजे इंटरस्टेट ८०. त्याच्या जवळून, बरंच अंतर त्याला समांतर, जुना यूएस-३० धावतो. १९१३ साली आखलेल्या लिंकन हायवेचाच हा भाग. ग्रँड आयलंड, कार्नी, लेक्सिंग्टन, कोझॅड, गोथनबर्ग, नॉर्थ प्लॅट, ओगलाला ही गावं याच पट्ट्यात, प्लॅट नदी आणि युनियन पॅसिफिकच्या रुळांच्या सोबतीने वसली आहेत. मुक्काम या पट्ट्यात करा किंवा उत्तरेला सँडहिल्सकडच्या, म्हणजे गवताळ वाळूच्या टेकड्यांकडच्या, एखाद्या गावात करा, गावच्या पार्काची रीत सगळीकडे साधारण सारखीच.

जागा शोधताना नकाशावर गावाच्या नावापुढे 'सिटी पार्क कॅम्पिंग' असं टाका. जागा सापडली की गावाच्या ऑफिसात फोन करा, आणि तो दुपारी चारच्या आत करा, कारण पाचनंतर तिथे कोणी फोन उचलत नाही. चार गोष्टी विचारायच्या. तीस अँपची वीज आहे का? नळाला पिण्याचं पाणी चालू आहे का? डंप स्टेशन, म्हणजे गाडीतला मैला आणि सांडपाणी सोडायची जागा, पार्कात आहे की गावात दुसरीकडे? आणि आपल्या लांबीची गाडी मावेल का? गाडीची लांबी फुटांत पाठ असू द्या. भाड्याच्या 'क्लास सी' आरव्ही, म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेल्या, साधारण २२ ते ३१ फुटांच्या असतात. ऑक्टोबर ते एप्रिलमध्ये जात असाल तर पाण्याबद्दल दोनदा विचारा. पाइप गोठून फुटू नयेत म्हणून हिवाळ्यात नळ बंद ठेवतात.

रुळांपासून पार्क किती लांब आहे तेही नकाशात बघून घ्या. या मार्गावर रात्रभर मालगाड्या असतात. नॉर्थ प्लॅटमध्ये तर बेली यार्ड आहे, मालडबे लावण्याचं जगातलं सगळ्यात मोठं यार्ड. प्रत्येक फाटकाआधी इंजिन दोन लांब, एक आखूड आणि पुन्हा एक लांब असा भोंगा देतं. मला तो आवाज आवडतो, माझ्या आईला त्याने रात्रभर डोळा लागला नाही. वडीलधारी माणसं बरोबर असतील तर रुळांपासून मैलभर तरी आत जा.

घड्याळाचंही भान ठेवा. नॉर्थ प्लॅट सेंट्रल टाइममध्ये आहे, ओगलाला माउंटन टाइममध्ये. दोन्हीच्या मध्ये घड्याळ एक तास मागे जातं आणि फोन ते मुकाट्याने बदलून टाकतो.

पोहोचायचं उजेडी

जूनमध्ये या भागात रात्री नऊपर्यंत उजेड असतो. त्या भरवशावर लोक आठ वाजेपर्यंत गाडी हाकतात. तसं करू नका, सहाला पार्कात असा. पहिल्या वेळी सगळं लावायला दीड तास लागतो, आणि काही बिघडलं तर गावातलं हार्डवेअरचं दुकान उघडं असायला हवं.

पार्कात शिरल्यावर लगेच कुठेही गाडी घुसवू नका. फाटकाजवळ थांबा, उतरा आणि पायी एक फेरी मारा. भाड्याच्या आरव्हीची उंची साधारण ११ ते १२ फूट असते. ती आरशाजवळ किंवा ड्रायव्हरच्या सन-व्हायझरवर चिकटवलेली असते, तिथे बघा. पार्कातली झाडं जुनी आणि पसरलेली असतात. छतावरचा एसी आणि हवेच्या झडपा फांदीला लागल्या तर भाड्याच्या विम्यात तो खर्च बहुतेक वेळा बसत नाही. करारात छताच्या नुकसानीबद्दल काय लिहिलंय ते निघण्याआधी वाचून ठेवा.

जागा निवडताना तीन गोष्टी बघा. जमीन सपाट हवी. डोक्यावर कॉटनवुडची मोठी फांदी नको. कॉटनवुड हा नेब्रास्काचा राज्यवृक्ष, दिसायला देखणा आणि सावली दाट, पण वादळात त्याच्या फांद्या तुटतात. तिसरं म्हणजे विजेचा खांब जागेच्या डाव्या हाताला, मागच्या बाजूला असावा, कारण अमेरिकन आरव्हीत वीज-पाण्याची तोंडं ड्रायव्हरच्या बाजूला असतात आणि इथे ड्रायव्हर डावीकडे बसतो.

कोणी खुर्ची मांडून किंवा दोरी लावून ठेवलेली जागा रिकामी दिसली तरी ती घेतलेली असते.

लोखंडी पेटी

जागा ठरली की आधी पैसे. फाटकाजवळच्या फळ्यावर नियम लिहिलेले असतात आणि खाली पाकिटं ठेवलेली असतात. पाकिटावर नाव, गाडीची नंबर प्लेट, जागेचा क्रमांक आणि किती रात्री ते लिहायचं. रोख रक्कम आत घालून पाकीट बंद करायचं, वरची पट्टी फाडून घ्यायची, पाकीट लोखंडी नळीच्या फटीतून आत सोडायचं. फाडलेली पट्टी जागेच्या खांबावरच्या चिमट्याला लावायची, किंवा गाडीच्या काचेतून दिसेल अशी ठेवायची.

भाडं गावागणिक वेगळं. बहुतेक ठिकाणी ३० डॉलरच्या आत भागतं, काही गावं पहिली रात्र फुकट देतात आणि नुसती देणगीची पेटी ठेवतात. सुटे पैसे देणारं कोणी नसतं, म्हणून ५, १० आणि २० च्या नोटा निघतानाच बरोबर घ्या. आमच्याकडे पहिल्या वेळी फक्त पन्नासची नोट होती. मी पेट्रोल पंपावर जाऊन, चार केळी घेऊन ती मोडून आलो. देणगीपेटी असेल तिथेही योग्य वाटेल ते टाका. वीज कोणीतरी भरतच असतं.

रात्री नऊ-दहाच्या सुमारास पोलिसाची गाडी हळूहळू पार्कातून फिरते. लहान गावात ती पट्ट्या बघायला आणि सगळं ठीक आहे ना ते बघायला येते. हे आई-बाबांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर खिडकीवर प्रकाश पडला की जीव घाबरतो. हात करा, तेही करतात.

गाडी लावणं आणि सपाट करणं

गाडी मागे घेताना एकाने खाली उतरायचंच. खालच्या माणसाने ड्रायव्हरच्या बाजूच्या आरशात दिसेल असं उभं राहायचं. तो आरशातून दिसेनासा झाला की ड्रायव्हरने तत्क्षणी ब्रेक दाबायचा, हा एक नियम घरात सगळ्यांनी मान्य करून टाका. 'येऊ दे, येऊ दे' हे आपलं ठीक आहे, पण 'थांब' याला एकच शब्द आणि एकच हाताची खूण ठरवा. इंजिनाच्या आवाजात 'अजून थोडं' आणि 'आता थोडं' सारखंच ऐकू येतं.

मग गाडी सपाट करायची. हे फक्त झोपेसाठी नाही. गॅसवर आणि विजेवर चालणारा जुन्या पद्धतीचा फ्रिज कलत्या गाडीत बराच वेळ चालला तर आतून खराब होतो. फोनमधलं पातळी दाखवणारं ॲप स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवा. आधी डावी-उजवी बाजू, मग पुढची-मागची. जी बाजू खाली आहे तिच्या चाकांपुढे प्लॅस्टिकचे ठोकळे उतरंडीसारखे रचा आणि सावकाश वर चढवा. मागे जोडचाकं असतात, दोन्ही टायरखाली ठोकळे हवेत. मग हँडब्रेक लावा आणि चाकांना उटी, म्हणजे पाचर, लावा. अर्ध्या-पाऊण अंशाचा फरक राहिला तर सोडून द्या. तव्यावर डोशाचं पीठ एका बाजूला पळत असेल तर मात्र अजून एक ठोकळा लागणार.

खोली बाहेर सरकणारी गाडी असेल, म्हणजे स्लाइड-आउट, तर ती गाडी सपाट केल्यावरच उघडायची, आणि एकाने बाहेर उभं राहून खांब आणि झाड यांच्याकडे बघत.

वीज: घाई नको

खांबावरच्या पेटीत बहुधा तीन प्रकारची तोंडं असतात. घरातल्यासारखं १५ किंवा २० अँपचं, तीन जाड पायांचं ३० अँपचं आणि चार पायांचं ५० अँपचं. लहान पार्कात ५० चं असेलच असं नाही. आपल्या गाडीची केबल कोणती ते निघतानाच बघा आणि भाड्याने देणाऱ्यांकडून अडॅप्टर मागून घ्या.

आधी खांबावरचा ब्रेकर बंद करायचा. मग सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे खराब विजेपासून गाडी वाचवणारं उपकरण, लावायचा, ब्रेकर चालू करून त्याचे दिवे बघायचे. तारा उलटसुलट जोडलेल्या असल्या किंवा अर्थिंग नसलं तर तो तसं दाखवतो. दाखवलं तर वाद नको, पुढच्या जागेवर जा. गावच्या पार्कातल्या पेट्या उन्हापावसात जुन्या झालेल्या असतात, आणि तोंड सैल किंवा काळं पडलेलं असेल तर मी दिव्यांवरही विश्वास ठेवत नाही. सगळं ठीक असेल तर ब्रेकर पुन्हा बंद, गाडीची केबल घट्ट बसवायची, मग ब्रेकर चालू. पाऊस पडत असेल तर हे सगळं कोरड्या हातांनी आणि रबरी तळव्याच्या चपलांनी.

आता हिशोब. अमेरिकेत १२० व्होल्ट, म्हणजे ३० अँपवर जास्तीत जास्त ३,६०० वॉट. छतावरचा एसी चालू असताना १२ ते १५ अँप खातो, मायक्रोवेव्ह १० ते १३. त्यात १,८०० वॉटची इंडक्शन शेगडी लावली की तिचे आणखी १५, आणि ब्रेकर पडला. म्हणून एसी चालू असेल तेव्हा दुसरं एकच मोठं यंत्र. एसीबरोबर मायक्रोवेव्ह चालतो, पण त्या वेळी पाणी तापवायचं विजेचं बटण बंद ठेवा आणि पाणी गॅसवर तापवा. भारतातून आणलेला मिक्सर २३० व्होल्टचा असतो, तो इथे नुसताच कण्हतो. चटणी घरूनच वाटून न्या.

कडक उन्हात सगळ्यांचे एसी एकदम चालू असले की पार्कातला व्होल्टेज उतरतो. प्रोटेक्टरवर १०५ च्या खाली आकडा दिसला तर एसी बंद करून तासभर झाडाखाली बसा. एसीचा कॉम्प्रेसर जळण्यापेक्षा ते बरं.

पाणी

पिण्याच्या पाण्याचा पाइप पांढरा किंवा निळा असतो. तो डंप स्टेशनवर कधीही वापरायचा नाही आणि त्याच्या शेजारी ठेवायचाही नाही. नळावर 'नॉन-पोटेबल' लिहिलेलं असेल तर ते पाणी पिण्याचं नाही.

इथल्या पार्कांत लांब दांड्याचे, गुडघ्याच्या वर येणारे लोखंडी नळ असतात. दांडा वर उचलला की पाणी येतं. त्याची झडप जमिनीखाली, बर्फ पोहोचत नाही तेवढ्या खोल असते, आणि बंद केल्यावर नळातलं उरलेलं पाणी खालच्या भोकातून जमिनीत मुरतं. म्हणून दांडा पूर्ण वर किंवा पूर्ण खाली हवा. अर्धवट ठेवला तर पाणी रात्रभर खाली वाहत राहतं आणि कोणाला दिसतही नाही.

नळ सामायिक असेल तर पाइप जोडून रात्रभर अडवून ठेवू नका. मिनिटभर पाणी वाहू द्या, गाडीची ताज्या पाण्याची टाकी भरून घ्या, पाइप सोडवा आणि आत पंपाचं बटण लावून वापरा. नळ तुमच्या जागेपुरता असेल तर थेट जोडा, पण मध्ये पाण्याचा दाब ४०-५० पीएसआयवर आणणारा रेग्युलेटर बसवा. उंच टाकीवरून येणाऱ्या गावच्या पाण्याला चांगला जोर असतो आणि आरव्हीतले पाइप नाजूक.

गरम पाण्याची टाकी बऱ्याच गाड्यांत ६ गॅलनची, म्हणजे साधारण २३ लिटरची असते. एका माणसाची बादलीभर अंघोळ त्यात होते, शॉवर उघडा ठेवून दोघांची होत नाही. अंग ओलं करा, पाणी बंद, साबण, पुन्हा पाणी. पार्काच्या इमारतीत शॉवर असेल तर सरळ तिकडे जा. तिथे चपला घालून अंघोळ करा.

संडासाचं जरा मोकळेपणाने सांगतो, कारण आपल्या घरात हाच विषय संकोचाने टाळला जातो आणि मग तोच नडतो. पायाने दाबायचं पेडल असतं, अर्धं दाबलं की पाणी येतं, पूर्ण दाबलं की झाकण उघडतं. आपल्या सवयीप्रमाणे तांब्याने पाणी वापरायला काहीच हरकत नाही. उलट संडासाखालच्या टाकीत पाणी भरपूर असलेलं चांगलं, मैला तळाशी घट्ट बसत नाही. कागद वापरायचा तर फक्त आरव्हीचा, लवकर विरघळणारा. ओले पुसायचे रुमाल, पॅड, डायपर काही टाकायचं नाही, पाकिटावर 'फ्लशेबल' लिहिलेलं असलं तरी. पाणी जास्त वापरलं की टाकी लवकर भरते, म्हणून भिंतीवरच्या पॅनेलचे दिवे रोज बघा. ते दिवे कधीकधी खोटंही सांगतात, आत कागद चिकटला की टाकी रिकामी असतानाही भरलेली दाखवतात. चार माणसांच्या घराने तिसऱ्या दिवसापलीकडे ओढू नये.

स्वयंपाक

गॅसच्या तीन शेगड्यांवर कुकर, तवा आणि चहा एकावेळी होतो. मुक्कामाच्या रात्री मुगाची खिचडी आणि भाजलेले पापड, यापेक्षा जास्त काही करू नये असं माझं ठाम मत आहे. फोडणीच्या आधी छताची झडप आणि एक खिडकी उघडा, पंखा लावा. मोहरी तडतडली की धुराचा अलार्म वाजतोच. त्याची बॅटरी काढून ठेवू नका, तो आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म रात्री तुमच्या जिवावर पहारा देत असतात. गॅसगळतीचा अलार्म जमिनीलगत असतो, कारण प्रोपेन हवेपेक्षा जड. त्याच्यासमोर चपला किंवा पिशव्या रचू नका.

तेलकट भांडी आधी कागदाने पुसा, मग धुवा. भाताची शितं आणि कढीपत्ता सिंकमध्ये गेला तर ग्रे टाकीला, म्हणजे सिंक-शॉवरच्या सांडपाण्याच्या टाकीला, दुसऱ्या दिवशीच वास येतो.

शेकोटीसाठी लाकूड गावातच विकत घ्या. लांबून लाकूड आणू नका. अॅश झाडं मारणारा एमराल्ड अॅश बोरर हा किडा जळाऊ लाकडातूनही गावोगाव पसरला आहे.

आकाश

हा भाग वरवर वाचू नका.

नेब्रास्कात उन्हाळी पाऊस बराचसा रात्री पडतो. दुपारी रॉकी पर्वताच्या पायथ्याशी तयार झालेले ढग पूर्वेकडे सरकत रात्री या मैदानावर येतात. मे-जून हा चक्रीवादळांचा, म्हणजे टॉर्नेडोचा, ऐन मोसम. संध्याकाळी आकाश निरभ्र असलं तरी झोपण्याआधी नॅशनल वेदर सर्व्हिसचा अंदाज बघायचाच.

तुम्ही कोणत्या काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) आहात ते लिहून फ्रिजवर लावा, कारण टीव्ही आणि रेडिओवर इशारे काउंटीच्या नावाने सांगतात. लेक्सिंग्टन, कोझॅड, गोथनबर्ग ही तिन्ही डॉसन काउंटीत, कार्नी बफेलोत, नॉर्थ प्लॅट लिंकनमध्ये. 'वॉच' म्हणजे वादळाला पोषक हवा आहे, तयार राहा. 'वॉर्निंग' म्हणजे वादळ कोणी पाहिलंय किंवा रडारवर दिसलंय, आता हला. आरव्ही टॉर्नेडोत सुरक्षित नाही. हँडब्रेक लावलेला असो, दहा टनांची असो, ती उलटते.

म्हणून उजेड असतानाच ठरवा: गावाचा वादळाच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला तर कुठे जायचं. बहुतेक पार्कांत ती सिमेंटच्या ठोकळ्यांची बाथरूमची इमारत हाच जवळचा पर्याय असतो, आणि काही ठिकाणी फळ्यावर गावातल्या निवाऱ्याचा पत्ता लिहिलेला असतो. शेजारच्या गाडीतल्या माणसांना विचारा. इथले लोक या प्रश्नाला हसत नाहीत, नीट उत्तर देतात. बाबांना हळू चालावं लागत असेल तर त्या इमारतीपर्यंत किती मिनिटं लागतात ते एकदा चालून बघा.

आमच्यावर ती वेळ एकदा आली. रात्री दीडला आधी फोन किंचाळले, मग गावाचा भोंगा. दाराजवळ चपला, टॉर्च, औषधांची पिशवी आणि पासपोर्ट ठेवलेले होते म्हणून तीन मिनिटांत निघालो. आई शालीत, हातात पाण्याची बाटली. बाथरूममध्ये आधीच सात माणसं आणि दोन कुत्री होती. एका आजोबांनी आईला आपली घडीची खुर्ची दिली. गारा लिंबाएवढ्या होत्या, वाऱ्याने झोक्यांच्या साखळ्या खणखणत होत्या. चाळीस मिनिटांनी सगळं ओसरलं, टॉर्नेडो उत्तरेकडून निघून गेला होता. छताच्या झडपेचं झाकण फुटलं, दुसरं काही नाही. तेव्हापासून दाराजवळची ती पिशवी मी कोणत्याही मुक्कामात चुकवत नाही.

काही गावं रोज दुपारी बाराला, कधी संध्याकाळी सहालाही, हाच भोंगा वेळ सांगायला वाजवतात. आकाश स्वच्छ असेल आणि घड्याळात बरोबर बारा असतील तर घाबरू नका.

कापडी छत्री, म्हणजे ऑनिंग, रात्री उघडी ठेवायची नाही, हवा कितीही शांत असली तरी. इथला वारा विचारून येत नाही.

झोपताना

रात्री दहानंतर शांतता पाळायची असते. जनरेटर बंद, गाणी बंद, बाहेरचा दिवा बंद. जनरेटर चालू ठेवून झोपायचं तर कधीच नाही, त्याचा धूर खिडकीतून आत येतो. आई-बाबांना मागचा पलंग द्या, ड्रायव्हरवरच्या पलंगाची शिडी रात्री उतरणं त्यांना जड जातं. आजूबाजूला निवृत्त जोडपी असतात, पवनचक्क्यांवर काम करणारे असतात, गहू कापणीच्या टोळ्या असतात, ते पहाटे उठून कामाला जातात. दुसऱ्याच्या जागेतून चालत जाऊ नका, रस्त्याने वळसा घाला.

सकाळी: डंप

सगळ्यांना याचीच धास्ती असते. दहा मिनिटांचं काम आहे, फक्त क्रम पाळा. काळी टाकी संडासाची, ग्रे टाकी सिंक आणि शॉवरची. काळी आधी, ग्रे नंतर, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुतला जातो.

गाडीचं सांडपाण्याचं तोंड जमिनीतल्या भोकाजवळ येईल अशी उभी करा. हातमोजे घाला. दोन्ही टाक्यांच्या झडपांचे दांडे आत ढकललेले, म्हणजे बंद, आहेत याची खात्री करा, आणि मगच त्या तोंडाची टोपी काढा. जाड पाइप तोंडाला बसवून फिरवा, खटका लागला पाहिजे. दुसरं टोक भोकात घालून वर दगड ठेवा किंवा पायाने दाबून धरा. काळा दांडा एका दमात ओढा. आवाज थांबेपर्यंत थांबा, त्यानंतरही मिनिटभर थांबा, मग आत ढकला. आता ग्रे दांडा. तो रिकामा झाला की तोही बंद. पाइपचं गाडीकडचं टोक सोडवून उचला म्हणजे उरलेलं खाली वाहील, आणि तिथल्या धुण्याच्या नळाने आतून धुवा. भोकाभोवतीची जागाही धुऊन काढा. शेवटी संडासातून दोन-तीन गॅलन पाणी आणि औषधाची गोळी काळ्या टाकीत सोडा. हात कोपरापर्यंत साबणाने.

काळी टाकी पाव भरलेली असताना रिकामी करायची घाई करू नका, पाण्याला जोर नसतो आणि घाण मागे राहते. दोन-तृतीयांश भरली की उत्तम. आणि भांड्याचं पाणी गवतावर सोडू नका. 'साधं पाणीच तर आहे' असं वाटतं, पण त्याच गवतावर संध्याकाळी गावातली मुलं अनवाणी खेळतात.

निघताना

क्रम आता उलटा. एसी बंद, खांबावरचा ब्रेकर बंद, मग केबल काढा. पाण्याचा पाइप, नळाचा दांडा पूर्ण खाली. पंप आणि गॅस बंद. कपाटांच्या कड्या, फ्रिजची कडी, ओट्यावरची बरणी. छताच्या झडपा खाली, स्लाइड-आउट आत. ठोकळ्यांवरून उतरून ते गोळा करा. मग एकट्यानेच, कोणाशी न बोलता, गाडीभोवती पूर्ण एक फेरी: पायरी, टीव्हीचा अँटेना, कप्प्यांची दारं, टायर.

पेट्रोल गावातच भरा. टाकी पावाच्या खाली गेली की बऱ्याच गाड्यांत जनरेटर चालू होत नाही. आपली गाडी पेट्रोलची की डिझेलची ते झाकणावर वाचा. भाड्याच्या मोठ्या फोर्ड बहुतेक पेट्रोलच्या असतात, मर्सिडीजच्या स्प्रिंटर व्हॅन बहुतेक डिझेलच्या. नेब्रास्का मक्याचं राज्य आहे, इथे पंपावर ई-८५, म्हणजे इथेनॉलचं प्रमाण खूप जास्त असलेलं इंधनही मिळतं, तेही स्वस्तात, पुष्कळदा पिवळ्या नळीतून. झाकणावर तसं लिहिलेलं नसेल तर ती नळी उचलू नका, साधं अनलेडेड घ्या. आणि पंपाच्या छपराची उंची आत शिरण्याआधी बघा, १२ फुटांच्या वर असेल तरच आत.